दुःख वाढवावे

विनोदी माणसाच्या आत्मचरित्राला बाजारात मागणी असते, पण एका अटीवर: त्याच्या घरात भरपूर माणसं मेलेली असावी लागतात. ही अट मला आत्मचरित्र लिहून झाल्यावर कळली. आधी कळली असती तर निदान दूरच्या नातेवाइकांच्या तब्येतीची नीट चौकशी ठेवली असती.

मी कमठाण्याचा. कमठाणा कुठं, असं पुण्या-मुंबईकडचं कुणी विचारलं की मी बिदर सांगतो. बिदर कुठं विचारलं की कर्नाटक सांगतो. त्यावर ‘अरे वा, मराठी छान बोलता की!’ हे प्रशस्तिपत्रक मिळतं, ते मी मुकाट्यानं घेतो. गाव लाल मातीचं. गावात पार्श्वनाथाची जुनी बसदी आहे, शिवारात तूर आहे आणि स्टेजवर मी आहे. पोटासाठी मी एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो आणि मानासाठी नकला करतो. गणपती, स्नेहसंमेलनं, हळदी, सेवानिवृत्तीचे सत्कार यांतलं काहीही मला वर्ज्य नाही. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद एवढं माझं साम्राज्य. एका मंडळानं फ्लेक्सवर माझ्या फोटोखाली ‘विनोदसम्राट’ असं छापलं होतं. त्याच फ्लेक्सवर बोअर मारणाऱ्या कंत्राटदाराचा फोटो माझ्या दुप्पट होता. पण वर्गणीही त्यानंच दिली होती, त्यामुळं मी तक्रार केली नाही. माझा कार्यक्रम तीन भाषांत चालतो. विनोद मराठीत, शिव्या दख्खनीत आणि शेवटी माफी कन्नडमध्ये.

तर या सम्राटानं आत्मचरित्र लिहिलं आणि पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. ‘लेखन खुसखुशीत आहे. मात्र हास्यामागचे अश्रू दिसत नाहीत. दुःख वाढवावे.’ आमटीत मीठ कमी पडल्याचं सांगावं इतक्या सहजपणे त्यांनी हे लिहिलं होतं. वर स्वतःच्या हातानं एक टीप: ‘थोर विनोदवीरांची चरित्रे अभ्यासावीत.’

मी अभ्यासली, आणि खचलो.

पहिलं पुस्तक घेतलं दादा कोंडक्यांचं ‘एकटा जीव’. अनिता पाध्ये यांनी शब्दांकन केलेलं. आमच्याकडच्या टुरिंग टॉकीजमध्ये ‘सोंगाड्या’, ‘पांडू हवालदार’ बघून हसून हसून लोळलेली पिढी अजून गावात आहे. त्यांना या माणसाची नाडी तेवढी ठाऊक, नाडीमागचं घर ठाऊक नाही. तरुणपणी थोड्याच काळात त्यांच्या घरातली एकामागून एक माणसं गेली. त्यानंतर वर्षभर हा माणूस गप्प होता. मग त्यानं लोकांना हसवायचं ठरवलं. पुढं ‘विच्छा माझी पुरी करा’चे प्रयोग, १९७१चा ‘सोंगाड्या’ आणि रौप्यमहोत्सवी चित्रपटांची रांग. मी पुस्तक मिटलं आणि आमच्या घराकडं बघितलं. घर भरलेलं होतं. माय, बायको, दोन पोरं, थोरला भाऊ, वहिनी, सगळे ठणठणीत. प्रकाशकाच्या दृष्टीनं फारच वाईट परिस्थिती.

दुसरे चार्ली चॅप्लिन. आई वेड्यांच्या इस्पितळात, पोरगा अनाथांच्या शाळेत. मोठेपणी पहिलं मूल झालं ते १९१९मध्ये, आणि तीन दिवसांत गेलं. त्याच वर्षी त्यानं ‘द किड’ हा चित्रपट करायला घेतला, ज्यात एक भटका माणूस टाकून दिलेलं पोर वाढवतो. १९२१ साली तो आला आणि सगळं जग एकाच वेळी रडलं आणि हसलं. आमचे गडकरी घ्या. ‘बाळकराम’ नाव घेऊन महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, त्याच हातानं ‘एकच प्याला’ लिहिला आणि १९१९ साली गेले तेव्हा वय अवघं ३३. माझं वय ऐकलं तर तिघंही मला ‘अहो’ म्हणतील.

हे सगळं वाचून कुणालाही वाटेल की दुःखातूनच विनोदवीर घडतो. मलाही काही रात्री तसं वाटलं. पण हिशेबनीस आहे मी; जमा आणि खर्च जुळल्याशिवाय झोप लागत नाही. दुःखानं विनोदी माणूस घडत असता तर आमच्या बिदर जिल्ह्यात घरटी एक चॅप्लिन निघाला असता. दुष्काळ, रझाकार, तुरीचा भाव, एवढा कच्चा माल इथं पडून असताना विनोदसम्राट मात्र माझ्या दर्जाचे निघावेत, यातच त्या सिद्धान्ताचं दिवाळं आहे.

तरी प्रकाशक म्हणजे प्रकाशक. दुःख वाढवायचं तर खानदानात कुठं शिल्लक आहे ते शोधायला हवं, म्हणून मी वही घेऊन मायकडं बसलो.

‘माय, आपल्या घरात सगळ्यात मोठं दुःख कोणतं?’

‘तू,’ ती म्हणाली, आणि शेंगा फोडत राहिली.

‘तसं नव्हं. जुनं. इतिहासातलं.’

मग तिनं पेवाची गोष्ट काढली. ही तिला तिच्या सासूनं सांगितलेली. १९४८ साल. लातूरचा वकील कासिम रझवी निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा म्होरक्या, आणि खेड्यापाड्यांतून पळापळ. माझे आज्जा गावातल्या दोन-चार नावाजलेल्या तोंडाळ माणसांपैकी एक. रझाकारांबद्दल चावडीवर काहीतरी बोलून बसले. बोलले काय ते आता कुणाला आठवत नाही, पण लोक हसले होते एवढं नक्की. लोक हसले म्हणजे जीव धोक्यात. रातोरात शेजारच्या दोस्तानं, म्हणजे आमच्या आताच्या चाचांच्या वडिलांनी, त्यांना आमच्याच वाड्यातल्या ज्वारीच्या पेवात उतरवलं. वरून दगड ठेवला, फटीतून वारा ठेवला. रात्री भाकरी आणि बातमी दोन्ही दोस्तच पोचवायचा. सप्टेंबरच्या १३ तारखेला हिंदुस्थानची फौज शिरली आणि १७ला निजामानं हात टेकले. हैदराबाद संस्थान मुक्त झालं, आज्जा मात्र झाले नाहीत. गावभर मिरवणूक निघाली, त्या मिरवणुकीत दोस्तही नाचला, आणि पेवातल्या माणसाला सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. स्वातंत्र्याची पहिली रात्र आमच्या खानदानानं जमिनीखाली, कच्ची ज्वारी चावत काढली.

‘मग?’ मी लिहिता लिहिता विचारलं.

‘मग वारं फिरलं.’

ते कसं फिरलं हे इतिहासाची पुस्तकं हळू आवाजात सांगतात. फौजेच्या त्या कारवाईनंतर, जिला पोलीस कारवाई म्हणतात, मुसलमानांवर जे गुदरलं त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीनं केली, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत बिदरचं नाव आहे. तेव्हा त्याच पेवात, त्याच दगडाखाली, आज्जांनी दोस्ताला उतरवलं. भाकरी पोचवायची पाळी आता आज्जांची.

इथं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वहीत ‘कारुण्य’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तोवर माय हसायला लागली होती.

‘दोघं बी जगले, म्हातारे झाले, अन् मरंपर्यंत त्या पेवावरून भांडले. तुझा आज्जा म्हनायचा, मी निघालो तवा ज्वारी दोन पोती होती, ह्यो निघाला तवा एक. कुठं गेलं पोतं? अन् ते म्हनायचे, तेरी भाकर में नमक नै था, क्या करता मैं? ज्वारीच खाया. तुझा आज्जा भाडं मागायचा. ते म्हनायचे, पहले तेरा भाडा दे. दोघं बी गेले, भाडं काय फिटलं नाही.’

कारुण्याखालच्या रेघा तशाच राहिल्या आणि वर शेंगांची टरफलं पडली.

मी दुसरं दुःख मागितलं. तिनं वाटणीचं सांगितलं. १ नोव्हेंबर १९५६ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडं गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. आमची आत्या उदगिरात दिलेली, मावशी जहीराबादेत. घरच्या सोयरिकी एका रात्रीत आंतरराज्य झाल्या. जहीराबादनं तर पुढं जागचं न हलता तेलंगणही बघितलं. ‘तुझ्या मावशीनं घर कधी बदललं नाही, तिचं सरकारच सारखं बदलतं,’ माय म्हणाली. ‘भाडेकरू चांगला अन् मालक टिकंना.’

म्हणजे इथंही हशाच. या बाईसमोर दुःख टिकत नाही हे ध्यानात आल्यावर मी वही बंद केली. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, विचारायचं धाडस मला झालं नाही. ते तिनंही काढलं नाही. पण माझ्याकडं खरं दुःख तेवढं एकच होतं, आणि ते प्रकाशकांना पाठवण्याजोगं नव्हतं. कारणं पुढं येतीलच.

आप्पा गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं आणि ते गावाला दुरुस्त करायचे नाहीत. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकत यांच्या लसी टोचून टोचून त्यांच्या हाताला असं वळण पडलं होतं की कुणी पाया पडायला वाकलं तरी त्यांचा हात आधी मानेची कातडी चिमटीत धरायचा. राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ बिदरला नंदीनगरात झालं, ते आपल्या कामाची दखल घेऊनच, अशी त्यांची समजूत होती.

देवणी गाय हे त्यांचं दैवत. देवणीत तीन प्रकार. पांढरं अंग आणि तोंडावर काळं तो वानेरा, सगळा पांढरा तो बाळंक्या, आणि अंगभर काळेपांढरे ठिपके तो शेवरा. आप्पांनी सगळी माणूसजात या तीन प्रकारांत बसवली होती. वरून स्वच्छ आणि तोंडानं घाण तो वानेरा. म्हणजे मी. आतबाहेर सारखा तो बाळंक्या. असा माणूस त्यांना आयुष्यात सापडला नाही, ते स्वतः सोडून. आणि कधी कसा वागेल याचा नेम नाही तो शेवरा. मायच्या माहेरचे सगळे शेवरे. थोरल्या मामांना तर ते तोंडावर ‘या शेवरा पाटील’ म्हणायचे. मामा पाटीलही नव्हते.

हे आप्पा म्हणजे माझं भांडवल. माझी पहिली नक्कल त्यांचीच, बांबूच्या नळीनं म्हशीला औषध पाजताना म्हशीची समजूत काढणारे आप्पा. पण माझं नाव झालं ते दुसऱ्या आयटमनं. त्याचं नाव ‘आठ रडणी’.

मयताच्या घरी कोण कसं रडतं याच्या आठ नकला. पहिलं रडणं सासरहून आलेल्या लेकीचं: गल्लीच्या तोंडाशी सुरू होतं आणि दारात पोचेपर्यंत आवाज बसतो. दुसरं शेजारणीचं: मध्येच थांबून ‘गॅस बंद केला का गं?’ विचारून पुन्हा तिथूनच पुढं सुरू होणारं. तिसरं मुलाचं: घसा खाकरणं, आभाळाकडं बघणं आणि नाकातून एक बारीक शीळ. चौथं जावयाचं, ज्यात काळ्या चष्म्याशिवाय काही नाही. पाचवं उसने पैसे बुडालेल्याचं. आठांतलं हे एकच मनापासूनचं. असं करत आठव्या, रडू न येणाऱ्या सुनेपर्यंत. नकला गावातल्याच बायामाणसांच्या होत्या. ज्यांच्या त्यांना ठाऊक होत्या, आणि त्याच पुढच्या रांगेत बसून सगळ्यात जास्त हसायच्या. आप्पाही हसायचे. ‘तिसरं अजून जमंना तुला,’ म्हणायचे. ‘बाप मेल्यावर जमंल.’

एका पहाटे ते झोपेतच गेले. मी उदगीरला आत्याला फोन लावला. शब्द फुटेनात. घसा खाकरला, वर बघितलं, नाकातून शीळ आली.

पलीकडं आत्या खदखदून हसली. ‘लई हुबेहूब जमायलंय की रं आता! थांब थांब, स्पीकरवर टाकते, सुनंला बी ऐकू दे.’

मी फोन ठेवला. जहीराबादच्या मावशीनं ‘सकाळी सकाळी चावटपणा नको’ म्हणून कापला. कलबुर्गीच्या चुलतभावानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ‘बरं, पुढं?’ तो पंचलाईनची वाट बघत होता. माझ्या धंद्यात श्रोत्यांचा एवढा विश्वास कमवायला आयुष्य जातं. शेवटी चाचांनी फोन हातात घेतला. ‘आप्पासाब गुजर गए. मजाक नै, मैं बोल रऊँ.’ दोन वाक्यं. तीन राज्यांतून रडण्याचा आवाज आला.

उजाडल्यावर बाया जमू लागल्या. पदर डोळ्यांना लावूनच यायच्या, आणि मी उंबऱ्याशी बसलेला दिसला की पदर खाली. दुसऱ्या रडण्याच्या मूळ मालकीणबाईंनी दारात येऊन तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटून घेतलं. एकेक करून सगळ्या भिंतीला टेकल्या. कुणी रडेना. जी रडेल ती पुढच्या गणपतीत स्टेजवर जाईल, अशी प्रत्येकीची खात्री. मला म्हणावंसं वाटलं की बायांनो, आज मी सुट्टीवर आहे. पण घसा पुन्हा खाकरला, आभाळाकडं बघितलं, आणि मागून कुणीतरी पोरगं कुजबुजलं, ‘तिसरं.’

तेवढ्यात आतून मायचा आवाज आला. ‘कामून गप हाव सगळ्या? माणूस गेलाय का ग्रामसभा हाय?’

कुणी बोलेना. मायनं बाहेर येऊन बघितलं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. तिच्या ध्यानात आलं.

‘तू ऊठ हितनं. तुझ्यापायी माझ्या माणसाला कुणी रडंना. जा गोठ्यात.’

सख्ख्या बापाच्या मयतातून हाकलला गेलेला मी बहुधा जिल्ह्यातला पहिला मुलगा असेन. गोठ्यात आप्पांची देवणी होती. वानेरा. आम्ही दोघं वानेरे एकमेकांकडं बघत उभे राहिलो. भिंतीपलीकडं आधी एक हुंदका फुटला, मग दुसरा, मग सगळं घर. इतकं मोकळं रडणं मी आठही नकलांत मिळून कधी केलं नव्हतं. आणि मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई सुरात सुरू झाली. आमच्याकडं रडताना गेलेल्याला हाक मारून बोलतात, त्याच्या गुणांची उजळणी करतात.

‘डॉक्टरा, माझी म्हैस आटली तवा तू आलास रंऽऽ. म्हनलास म्हातारे, म्हशीला काय झालं नाही, तूच तिला शिव्या देतीस, औषध तुला पायजे. अन् ती नळी माझ्याच तोंडाला लावलास की रंऽऽ डॉक्टरा!’

रडणं क्षणभर थांबलं. मग कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी रडत रडत म्हणाली, माझ्या जावयाचं दात दुखायलं तर त्यानं तोंड उघडून वय सांगितलं, चार दाती हाय म्हनला. तिसरीनं सांगितलं, लेकीला बघायला पाव्हणे आले तवा ह्या माणसानं नवऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारून ‘नांगराला चालंल’ म्हणून पसंती दिली. एकीचं हसणं कुठं संपतंय आणि दुसरीचं रडणं कुठं लागतंय हे भिंतीपलीकडून मला, एवढ्या नामांकित नकलाकाराला, सांगता येईना. मी गोठ्यात उभा राहून हसत होतो. गाय माझ्याकडं संशयानं बघत होती. आप्पांच्या शब्दांत, मी त्या वेळी शेवरा झालो होतो.

स्मशानातला प्रसंग मात्र मी कुणाला सांगत नाही, कारण खोटा वाटतो. बिदरला हवाई दलाचा तळ आहे आणि सूर्यकिरण पथकाचं ठाणंही तिथंच. त्यांचा सराव आमच्या डोक्यावरूनच चालतो. गुरं बुजतात म्हणून आप्पांचं आणि त्या विमानांचं आयुष्यभर वाकडं. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मी सरणाभोवती फिरत होतो. मागून भावकीतले एक काका दगडानं मडक्याला भोक पाडत होते. दुसरी फेरी झाली आणि आभाळ गरजलं. लाल-पांढरी नऊ विमानं, ओळीत, सरणाच्या बरोबर वर. सगळ्यांनी माना वर केल्या. काकांनीही केली. हातातला दगड मात्र थांबला नव्हता. तो मडक्याऐवजी माझ्या पाठीत बसला आणि मी जो ओरडलो, त्यावर मघाचंच पोरगं म्हणालं, ‘हे नववं.’

एका निवृत्त तलाठ्यानं विमानांना सलाम ठोकला. चाचा वर बघतच म्हणाले, ‘कंपौंडर कू नौ, तो डाक्टर कू कित्ते आते?’

अग्नी दिला तेव्हा निम्मं गाव पंच्यात तोंड लपवून हलत होतं. कोण हसतंय, कोण रडतंय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

कावळ्याचा प्रसंग मी लिहीत नाही. प्रत्येक मराठी आत्मचरित्राला तो एकदा शिवून जातोच, माझ्यामुळं त्याचं काही अडलेलं नाही.

तेराव्याला शोकसभा झाली. सूत्रसंचालन मी करावं असं काहींचं म्हणणं होतं. मायनं नुसतं बघितलं, तेवढ्यात तो ठराव बारगळला. भाषणं झाली. पहिल्या वक्त्यानं आप्पांना देवमाणूस म्हटलं. दुसऱ्यानं अजातशत्रू. तिसऱ्यानं सांगितलं, ते आयुष्यात कुणाला टोचून बोलले नाहीत. टोचणं हाच ज्याचा धंदा, त्याच्याबद्दल! चौथ्या भाषणापर्यंत आप्पा इतके वाढले की आमच्या घराच्या दारातून आत येतील की नाही अशी शंका यायला लागली. गोठ्यात उभ्यानं ऐकलेले आप्पा मात्र अंगावर बनियन, खिशात थर्मामीटर, पायांत वेगवेगळ्या जोडांच्या चपला आणि तोंडात ‘या शेवरा पाटील’ असे होते. रडताना माणूस मोठा मोठा होत जातो. हसताना तो त्याच्या मापाचा राहतो, आणि ओळखू येतो. कोंडक्यांनी, चॅप्लिननी दुःखाचं काय केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. आम्हा कमठाण्याच्या लोकांना एवढंच जमतं: गेलेल्याबद्दल असं काहीतरी सांगायचं की ऐकणारा म्हणेल, हां, हे त्यांचंच!

हे सगळं प्रकरण लिहून मी प्रकाशकांना पाठवलं. दुःख भरपूर वाढवलं आहे, असं पत्रात कळवलं. या वेळी उत्तर लवकर आलं. ‘प्रकरण हृद्य आहे. मात्र अंत्यविधीतील हास्य गाळावे, गांभीर्यास बाधा येते.’

पत्र मी मायला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, आणि पत्राबद्दल काही न बोलता म्हणाली, ‘माझ्या टायमाला तू काय बोलणार ते आत्ता बोलून दाखव.’

‘माय, काही पण काय!’

‘काही पण न्हाई. त्यांच्या टायमाला तुला गोठ्यात घालावं लागलं. माझ्या टायमाला कोण घालणार? मी जिती हाव तवर बसव तो आयटम. चुका काढायला बरं पडतं.’

चाचांना बोलावलं. बायको, वहिनी, पोरं ओट्यावर बसली. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि सुरुवात केली, ‘वात्सल्याची मूर्ती, त्यागाचा महामेरू...’

‘ही कोण बाई?’ माय म्हणाली. ‘हिला मी वळखत न्हाई. झरणीचं सांग.’

झरणीचं सगळ्यांना पाठ होतं. बिदरला झरणी नरसिंहाचं दर्शन घ्यायचं तर डोंगरातल्या बोगद्यातून, पाण्यातून, वटवाघळांखालून चालत जावं लागतं. पुढं भक्त, मागं भक्त, मध्ये वळायला जागा नाही. त्या बोगद्याच्या मधोमध आप्पांनी काहीतरी बोलताना थोरल्या मामांना शेवरा म्हटलं, आणि माय जागच्या जागी उभी राहिली. माफी मागितल्याशिवाय पाऊल उचलणार नाही. मागची सगळी रांग पाण्यात थांबली. मागून ‘गोविंदा, गोविंदा’चा गजर वाढायला लागला, काहींनी आप्पांना शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि शेवटी देवणीच्या त्या जाणकारानं काळोखात, थंड पाण्यात, सगळ्या भक्तांच्या साक्षीनं ‘तुझा भाऊ बाळंक्या’ असं कबूल केलं. तेव्हा रांग हलली.

मी सगळं करून दाखवलं. आप्पांचा कापरा आवाज, मागच्या लोकांचा गजर, मायचा हट्ट. चाचा टाळी देत होते. पोरं लोळत होती. माय मात्र परीक्षकाच्या चेहऱ्यानं बसलेली.

‘पाणी कमरेएवढं म्हनलास.’

‘मग?’

‘छातीएवढं होतं. कमी करू नको.’

‘माय, कमरेएवढंच होतं. मी होतो की तिथं.’

‘तू आप्पाच्या खांद्यावर बसला होतास,’ माय म्हणाली. ‘तुला काय कळणार पाणी किती होतं ते!’